पुसणाऱ्याच्या बाजूने

१८९६ साली दोन गोष्टी घडल्या. एकमेकींशी त्यांचा काहीही संबंध नव्हता. शिकागोत लुई सलिव्हन या वास्तुकाराने उंच ऑफिस-इमारतींवर एक लेख लिहिला आणि त्यात ठासून सांगितलं, की रूप हे नेहमी कामामागून येतं. आणि इकडे बडोद्यात, सूरसागर तलावापासून हाकेच्या अंतरावर, रॉबर्ट चिझम या इंग्रज वास्तुकाराची एक भव्य इमारत पुरी झाली. आज सगळं शहर तिला न्यायमंदिर म्हणून ओळखतं.

सलिव्हनचं वाक्य पुढे इतकं पसरलं, की डिझाइन शिकणाऱ्या पोरांच्या कानावर ते पहिल्याच आठवड्यात पडतं. आमच्या न्यायमंदिराने मात्र ते फारसं मनावर घेतलेलं दिसत नाही. ही इमारत मुळात भाजीबाजारासाठी होती असं बडोद्यात सांगतात. झालं तिचं न्यायालय. जिथे दुधी-वांगी विकली जाणार होती तिथे शंभराहून जास्त वर्षं तारखा पडत राहिल्या. उलट जिच्या नावातच मार्केट आहे त्या खंडेराव मार्केटच्या राजवाड्यासारख्या दर्शनी भागात महापालिकेची कचेरी बसते, आणि भाजी मिळते मागच्या अंगाला. बाहेरगावच्या पाहुण्याला हे समजावताना माझी नेहमी करमणूक होते.

तरी दोन्ही इमारती चालल्या, आणि नुसत्या चालल्या नाहीत, लोकांनी त्यांच्यावर जीव लावला. काही वर्षांपूर्वी कोर्ट नव्या इमारतीत गेलं तेव्हा जुने वकील हळहळले. मला वाटतं, भाजीच्या गर्दीला जे लागतं तेच पक्षकारांच्या गर्दीला लागतं. उंच छत, खेळती हवा, आणि आत शिरल्यावर आपण कुठेतरी आलोय असं वाटावं इतपत थाट. चिझमने बाजार बांधला की कोर्ट, यापेक्षा त्याने गर्दीसाठी बांधलं हे महत्त्वाचं ठरलं.

जाता जाता सलिव्हनबद्दलही सांगायला हवं, कारण त्याच्या वाक्याचा दंडुका करून साध्या-सपाट इमारतींचा आग्रह धरणारे लोक त्याची स्वतःची कामं फारशी बघत नाहीत. शिकागोत त्याने एका मोठ्या दुकानाची इमारत केली, तिच्या दाराभोवती आणि खालच्या खिडक्यांवर ओतीव लोखंडाची अशी गच्च वेलबुट्टी आहे की आमच्या पैठणीचा पदर लाजावा. कामामागून रूप येतं म्हणणाऱ्या माणसाला ही वेलबुट्टी कामातच धरावीशी वाटली. गिऱ्हाईकाने थबकावं, दाराकडे वळावं, हे दुकानाच्या दाराचं कामच असतं की.

मी घरांच्या आतली कामं करते. स्वयंपाकघरं, कपाटं, दिवाणखाने, क्वचित एखादं छोटं दुकान. शिकले इथल्याच फाइन आर्ट्समध्ये, अप्लाइड आर्टला, आणि माहेर दांडिया बाजारातलं, म्हणजे बडोद्याच्या मराठी वस्तीच्या अगदी पोटातलं. सुंदर की सोयीचं, हा प्रश्न माझ्याकडे पुस्तकातून येत नाही, तो फोनवर येतो. ‘दिसायला एकदम क्लासी पाहिजे, पण मेंटेनन्स नको.’ गिऱ्हाईक मराठी असो, गुजराती असो, की बदली होऊन आलेलं कोणी असो, वाक्य हेच. आणि इतकी वर्षं हे वाक्य ऐकून माझं एक मत पक्कं होत गेलं आहे. सुंदर आणि सोयीचं यांचं भांडण म्हणून जे दाखवलं जातं, ते बहुतेक वेळा भलत्याच दोघांचं असतं. एका बाजूला वस्तू वापरणारा आणि दुसऱ्या बाजूला तीच वस्तू पुसणारा, घासणारा, दुरुस्त करणारा. डिझाइनच्या चर्चेत ‘काम’ म्हणजे पहिल्याचं काम. दुसऱ्याचं काम कुठे मोजलंच जात नाही.

हँडल नसलेली कपाटं घ्या. सध्या सगळ्यांना हीच हवीत. दाराच्या वरच्या कडेला ॲल्युमिनियमची एक खाच असते, तिच्यात बोटं घालून दार ओढायचं. समोरून पाहिलं की अखंड, गुळगुळीत पांढरी भिंत. फोटोत अप्रतिम. वापरणाऱ्यालाही काही त्रास नाही. पण फोडणीची वाफ, तेल आणि पीठ यांना बसायला त्या खाचेइतकी उत्तम जागा साऱ्या घरात नाही. महिन्याभरात तिथे तपकिरी चिकटा धरतो. अलकापुरीतल्या एका घरात काम संपल्यावर काही दिवसांनी गेले होते, तेव्हा तिथल्या भांडी-फरशीच्या मावशींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘बेन, आ खांचामां हाथ नथी जतो.’ टूथब्रशने घासत होत्या बिचाऱ्या. घराच्या मालकीणबाईंना ही खाच घाण होते हे ठाऊकच नव्हतं, कारण त्यांना ती कधी घाण दिसली नव्हती. सोयीची पावती त्यांनी दिली होती, आणि त्या सोयीचा खर्च तिसराच कोणी भरत होता.

हे सगळं नव्या फॅशनचं पाप आहे असं मला म्हणायचं नाही. आपल्याकडच्या जुन्या वस्तूंबद्दल बोलताना तर आपण जास्तच हळवे होतो, आणि हळवेपणात घासणारी बाई सगळ्यांत आधी गायब होते.

बंबाचंच बघा. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी मोरीत बंब होता, तांब्याचा, पितळी तोटीचा. वस्तू म्हणून त्याच्यात एक रेघ जास्तीची नव्हती. मधोमध उभी नळी, तिच्यात कोळसा किंवा लाकडाच्या ढलप्या, तळाला जाळी, जाळीखाली राख पडायला जागा, आणि नळीभोवती सगळीकडून पाणी. जाळ पाण्याच्या पोटातच असल्यामुळे उष्णता वाया जायची ती फारच थोडी. तांबं उष्णता झटकन पुढे देतं म्हणून तांबं. वरून गार पाणी ओतलं की ते खाली बसतं आणि तापलेलं वर चढतं, म्हणून तोटीची जागाही विचार करूनच ठरवलेली. एखाद्या प्रदर्शनात चौथऱ्यावर मांडला तर लोक भोवती फिरून बघतील असा त्याचा घाट, आणि तो घाट सगळा कामातून आलेला. सलिव्हनने तर मिठीच मारली असती.

मग तो का गेला? दिसायला वाईट म्हणून नाही, पाणी तापत नव्हतं म्हणूनही नाही. गेला, कारण पहाटे सगळ्यांच्या आधी उठून तो पेटवायला आजी लागायची. नळीतली काजळी काढायला, राख उपसायला आणि दिवाळीच्या आधी चिंच लावून तो लखलखीत करायला आई लागायची. गीझर आला त्या दिवशी आमच्या घरात बंबासाठी कोणी डोळे पुसले नाहीत. गीझर म्हणजे भिंतीवर टांगलेलं पांढरं पिंप, रूपाच्या नावाने शून्य. पण आई त्याच्याकडे ज्या नजरेने बघायची तशी तिने बंबाकडे कधी बघितल्याचं मला आठवत नाही. हल्ली हॉटेलांच्या दारात तेच बंब घासूनपुसून मांडलेले दिसतात, वरच्या तोंडात मनीप्लांट. पाहुणे फोटो काढतात. मी पण एकदा काढलाय, छान येतो.

डिझाइनवाल्यांचा लाडका दाखला मात्र बंब नाही, लोटा आहे. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन डिझाइनर जोडपं भारत सरकारसाठी एक अहवाल लिहून गेलं. त्यातूनच पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. भारतात पाहिलेल्या सगळ्या वस्तूंत लोटा बहुधा सगळ्यांत श्रेष्ठ, सगळ्यांत सुंदर, असं त्या दोघांनी लिहिलं. आणि एखाद्याला आज नव्याने लोटा घडवायचा असेल तर त्याला कशाकशाचा विचार करावा लागेल, याची एक लांबलचक यादी दिली. पाणी किती मावावं, भरलेला आणि रिकामा असताना तोल कुठे असावा, डोक्यावर न्यायचा की कमरेवर, तळहातात कसा बसतो, दुसऱ्या भांड्यावर आपटला की आवाज कसा येतो, विकताना आणि कोणाला देताना कसं वाटतं.

आमच्या वर्गात ही यादी वाचली गेली तेव्हा सगळ्यांच्या लक्षात राहिली ती कमरेची गोलाई आणि भांड्याचा नाद. साहजिक आहे, वय तसं होतं. पुष्कळ वर्षांनी मी ती यादी परत वाचली तेव्हा दिसलं, की घासण्याचा मुद्दा तिच्यात एकदा नाही, अनेकदा आलाय. भरताना आणि ओतताना पाणी कसं फिरतं, तसं धुतानाही कसं फिरतं. तोंडाचा आकार आणि आतली वळणं घासायच्या दृष्टीने कशी. आतला-बाहेरचा पोत घासायच्या दृष्टीने कसा. परदेशातून आलेल्या त्या दोघांना हे दिसलं आणि चिंच-राख बघत वाढलेल्या आम्हा पोरापोरींच्या डोळ्यांवरून ते सटकन निघून गेलं. त्या यादीतलं मला आता सगळ्यांत मोलाचं तेच वाटतं. तिच्यात सुंदर आणि उपयोगी असे दोन कप्पेच नाहीत. नादाच्या शेजारी घासणं, घासण्याच्या शेजारी किंमत, किंमतीच्या शेजारी उन्हात ते कसं चमकेल. सगळं एका रांगेत.

आमच्या घरातल्या तांब्यांत दोन जाती होत्या. एक रुंद तोंडाचा, ज्यात आईचा हात मनगटापर्यंत जायचा. दुसरा निमुळत्या गळ्याचा, नक्षीचा, आत्याने काशीहून आणलेला. पाहुण्यांसमोर दुसरा यायचा आणि रोज पहिला. दुसऱ्याच्या आत कधी कोणी बघितलं असेल असं मला वाटत नाही.

बडोद्यात राहून या विषयावर लिहायचं आणि सयाजीरावांना टाळायचं हे अशक्यच. महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन सुरू केलं आणि त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती सोपवलं. गज्जर रसायनशास्त्राचे, जन्माने कारागिरांच्या घरातले. त्यांनी एका छपराखाली चित्रकला, सुतारकाम, कापड रंगवणं, यंत्रकाम असं सगळं शिकवायला घेतलं, आणि तेही शक्य तितकं देशी भाषेत. दादासाहेब फाळके मुंबईच्या जे. जे. मधून इथे आले ते याच कलाभवनात. पुढे कॅमेरा उघडून, खोलून, जोडून, पडदे रंगवून, दिवे लावून आपला सिनेमा स्वतः उभारणाऱ्या माणसाला अशी शाळा लाभली यात मला तरी योगायोग दिसत नाही. रंगवणाऱ्याला यंत्र कळावं आणि यंत्रवाल्याला रेघ काढता यावी, ही तिथली गरजच होती.

आज कलाभवनात विद्यापीठाची टेक्नॉलॉजी आणि इंजिनिअरिंगची फॅकल्टी आहे. १९५० मध्ये सुरू झालेली फाइन आर्ट्स दुसरीकडे, पुष्पबागेत. दोघी एकाच विद्यापीठाच्या, दोघींचं नाव देशभर. पण मी शिकत असताना कलाभवनात गेले असेन ती फक्त मैत्रिणीच्या भावाच्या गॅदरिंगला. तिकडच्या पोरांना वाटायचं आम्ही दिवसभर झाडाखाली बसून चहा पितो. (चूक नव्हतं.) आम्हाला वाटायचं ते नटबोल्ट मोजतात. ही वाटणी एकदा मनात बसली की पुढे आयुष्यभर एकाने ‘चालतंय ना’ विचारायचं आणि दुसऱ्याने ‘दिसतंय ना’, एवढंच उरतं. फाइन आर्ट्समध्ये ही भिंत पाडायला धडपडणारे लोक होते हेही खरं. के. जी. सुब्रह्मण्यन काही काळ हातमाग मंडळात जाऊन कापडाच्या डिझाइनचं काम करून आले होते. चित्रं काढणाऱ्या हातांनी ते लाकडाची, चामड्याची, मण्यांची खेळणी करायचे. साठच्या दशकात सुरू झालेल्या फाइन आर्ट्स फेअरमध्ये शिक्षक आणि विद्यार्थी मिळून वस्तू करायचे आणि शहरातली माणसं त्या विकत घेऊन घरी न्यायची. कितीतरी बडोदेकरांच्या शोकेसमध्ये एखादं तसं खेळणं सापडेल.

पण मला जे म्हणायचंय ते ज्या वास्तूत सगळ्यांत स्वच्छ दिसतं ती महाल नाही, कॉलेजही नाही. ती सेंट्रल लायब्ररी.

सयाजीरावांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणलं. त्याने इथली ग्रंथालय-व्यवस्था उभी केली. गावोगाव पेट्यांतून पुस्तकं फिरवण्याचा जो बडोद्याचा नावाजलेला उपक्रम, तोही त्याच काळातला. सेंट्रल लायब्ररीत पुस्तकांची जी मांडणी आहे ती लोखंडाची, एकावर एक मजले असलेली, आणि त्या मजल्यांची जमीन काचेची. जाड, दुधी काच. पहिल्यांदा तिच्यावर पाय ठेवताना पोटात गोळा येतो. वरच्या मजल्यावर कोणी चाललं की खालून सावली सरकताना दिसते. जो जातो तो या काचेच्या प्रेमात पडतो. मी शाळकरी असताना पडले ती अजून त्यातच आहे.

ती काच कोणी सुंदर दिसावी म्हणून घातलेली नाही. पुस्तकांच्या कपाटांत दिवा-मेणबत्ती म्हणजे आगीला आमंत्रण. म्हणून उजेड वरून यावा आणि मजल्यामजल्यातून गाळत तळापर्यंत पोचावा. लाकूड टाळलं तेही आगीसाठीच. आणि मजले ठेंगणे ठेवायचे, कारण पुस्तक आणून देणाऱ्या माणसाला शिडी न लावता सगळ्यांत वरचा खण हाताने गाठता यायला हवा. या शेवटच्या गोष्टीवर मी नेहमी अडते. वाचकाला त्या मजल्यांच्या उंचीशी काही देणंघेणं नाही, तो टेबलाशी चिठ्ठी देऊन वाट बघत असतो. उंची ठरवली गेली ती दिवसभर पुस्तकं काढून परत लावणाऱ्या शिपायाच्या हातावरून. त्याचा खांदा दुखू नये म्हणून सगळी इमारत थोडी वाकली. आणि एकही नक्षी नसताना ती जागा इतकी देखणी का वाटते, याचं निम्मं उत्तर मला त्या ठेंगण्या मजल्यांत सापडतं. माणसाच्या मापाची जागा डोळ्यालाही बरी वाटते.

तिथून लक्ष्मी विलास पॅलेसमध्ये जायचं म्हणजे दुसऱ्या टोकाला जायचं. मेजर चार्ल्स मँटने आराखडा केला, १८८१ मध्ये तो वारला, आणि चिझमने १८९० मध्ये काम पुरं केलं. आपली गणितं चुकली, इमारती कोसळणार, या धास्तीने मँटचं मन ढळलं अशी कथा सांगतात. महाल काही पडला नाही. घुमट, छत्र्या, झरोके, कमानी, जाळ्या, कुठे मराठी वळण, कुठे राजस्थानी, कुठे मुसलमानी, कुठे युरोपी. दरबार हॉलमध्ये व्हेनिसच्या पद्धतीची मोझेकची जमीन आणि रंगीत काचा. मला हा महाल आवडतो, अगदी मनापासून. आतल्या चौकांतली कारंजी आणि झाडं यांचा गारवा मे महिन्यात जाणवतो, तेव्हा त्या थाटाला अक्कलही आहे हे पटतं. पण माझी नजर आता बिघडली आहे. बाहेरची प्रत्येक महिरप बघताना मनात येतं, इथे कबुतरं किती बसत असतील. आणि मग, इथवर कोण चढतं, कशावर उभं राहून. राजाला ही चिंता नव्हती, कारण त्याच्याकडे माणसं होती. आमच्या तीन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये पीओपीच्या तीन-तीन पायऱ्यांचं छत करून घेणाऱ्यांकडे ती नाहीत. तरी छत महालाचंच हवं असतं.

आता कोणी म्हणेल, म्हणजे तुझं म्हणणं नक्षी नकोच. सपाट करा, पुसा, मोकळे व्हा. तसं असतं तर मला संखेड्याचा झोपाळा आवडला नसता.

संखेडा बडोद्याच्या आग्नेयेला, पूर्वी आमच्याच जिल्ह्यात, आता छोटा उदेपुरात. तिथले खरादी सागाचं लाकूड लेथवर फिरवून घडवतात, त्यामुळे संखेड्याच्या फर्निचरमध्ये पाय, हात, पाठ सगळं गोल. पट्टी कुठे नाहीच, गोल दांडे आणि त्यांच्या कातीव गाठी. त्यावर कथलाच्या पातळ लेपाने हातानेच नक्षी काढायची, अकीकाच्या दगडाने घासून तिला चकाकी आणायची, मग दांडा गरगर फिरत असताना त्याच्यावर लाखेची कांडी दाबून धरायची. घर्षणाने लाख वितळते आणि केवड्याच्या पानाने ती सारखी पसरवतात. लाखेच्या पिवळसर थरातून खालचं कथील सोन्यासारखं दिसायला लागतं. सोन्याचा कणही नसतो त्यात. आणि ही लाख काही नुसती शोभेची नसते, ती लाकडाचं दमटपणापासून रक्षणही करते. शोभा कुठे संपली आणि राखण कुठे सुरू झाली हे सुरीने कापून वेगळं करता येणार नाही.

तरीपण संखेड्याचा सोफा मी कोणाला सुचवत नाही. पाठीला त्या कातीव गाठी टोचतात आणि दांड्यादांड्यांतली धूळ काढता काढता माणूस रडकुंडीला येतो. झोपाळ्याची गोष्ट वेगळी. बसायला सरळ पाट, दोन्ही बाजूंना मोकळं, फडकं एका हाताने फिरतं. नक्षी आहे ती कडेच्या दांड्यांना, जिथे टेकून बसत नाही तिथे. त्याच कारागिरांची, त्याच रंगांची दोन कामं. एकात नक्षी कुठे असावी हे कळलं आहे, दुसऱ्यात नाही. बडोद्यातल्या मराठी घरांनी गुजरातकडून घेतलेल्या गोष्टींत झोपाळा मला पहिल्या नंबरवर वाटतो. (आपण दिलेल्या गोष्टींत सेव उसळ. पोटात जाणाऱ्या वस्तूला रूप असतं का, हा वाद इथे नको, पण तर्रीचा रंग ज्याने ठरवला त्याला रंगसंगती कळत होती.)

नक्षीच्या विरोधकांत सगळ्यांत कडवा म्हणजे व्हिएन्नाचा वास्तुकार आडोल्फ लोस. नक्षी म्हणजे मजुराच्या वेळेची, पैशाची, आरोग्याची उधळपट्टी, असं तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला म्हणत होता. त्याचा राग कारागिराला मिळणाऱ्या फुटक्या मजुरीवरही होता, हे लोक विसरतात. पण त्याच्याच लिखाणात एक मोची येतो. लोस म्हणतो, मी मोच्याला सांगितलं की बुटांचे तुला तीस क्रोन मिळतात, मी चाळीस देतो, तर तो हरखून जाईल. मनातल्या मनात पूर्ण झालेला बूट त्याला दिसायला लागेल, कुठलं चामडं, कोणाला शिवायला द्यायचे, कडेला किती दाते, किती भोकं. आणि मग मी म्हटलं, एकच अट, बूट अगदी साधा हवा, तर मी त्याला स्वर्गातून थेट पाताळात ढकलेन. काम कमी होईल त्याचं, पण सगळा आनंद जाईल. म्हणून लोस, तो कडवा लोस, मोच्याची नक्षी पायात घालून फिरायला तयार होतो.

मला लोसच्या सगळ्या तावातावापेक्षा हा मोची जास्त पटतो. कारण वस्तूच्या हिशेबात घासणारी जशी धरली पाहिजे तसा करणाराही धरावाच लागतो. माझ्याकडे एक सुतार आहेत, विश्वकर्मा पूजेला त्यांच्या घरी जेवायला बोलावतात ते. नुसते लॅमिनेटचे चौकोन कापायचे असले की ते मजुरी सांगतात आणि गप्प बसतात. एखाद्या देव्हाऱ्याला सागाची महिरप करायची म्हटली की चहा न मागता दोन तास बोलतात. महिरपीचा खर्च मी गिऱ्हाईकाला कसा समजावू हा वेगळा प्रश्न, पण ती महिरप निव्वळ फालतू आहे असं मला म्हणवत नाही. पुसायला सोपी पडेल इतक्या उथळ खोदकामाची मात्र मी त्यांना अट घालते. त्यावरून आमची बाचाबाची होते, होऊ द्यावी.

हल्ली मी एक करते. स्वयंपाकघराचं ड्रॉइंग पक्कं करायच्या दिवशी घरात जे भांडी-ओटा करतात त्यांनाही बोलावून घेते. काही ठिकाणी मालकांना ते विचित्र वाटतं. काही ठिकाणी ते बाईंना आधी चहा करायला पाठवतात. पण बसल्या की त्या मुद्द्याचं बोलतात. सिंकच्या नळामागे बोटभर जागा ठेवा, नाहीतर तिथे शेवाळ धरतं. ओट्याची कड वर उचललेली नको, पाणी तुंबतं. मिक्सरचा प्लग ओट्याच्या मागे नको, ओला हात लागतो.

वाघोडिया रोडच्या एका घरात, मराठीच कुटुंब, अशाच बसलो होतो. सिंकच्या मागच्या भिंतीसाठी टाइलचे दोन नमुने होते. एक मोठी, साधी, मळकट पांढरी, जवळजवळ सांधेच नसलेली. दुसरी लहान चौकोनांची, निळ्या-हिरव्या वेलींची. वहिनींनी वेलींच्या टाइलला हात लावला आणि लगेच म्हणाल्या, ‘ही नको, मावशींना त्रास होईल, किती ते सांधे.’ मला बरं वाटलं, चला, शिकवण लागू पडतेय. मावशींनी दोन्ही टाइल उचलून उजेडात धरल्या, नखाने खरवडून बघितल्या आणि वेलींची पुढे केली.

वहिनी म्हणाल्या, ‘अहो मावशी, पुसायची तुम्हालाच आहे.’

‘एटले ज तो,’ मावशी म्हणाल्या, म्हणजे म्हणूनच तर. ‘दिवसाचा दीड तास मी या भिंतीकडे तोंड करून उभी असते. तुम्ही कुठे असता इथे?’

वहिनी हसल्या, मग थोड्या कसनुशा झाल्या. साहेबांनी फोनवरून एकदाच विचारलं, फरक किती. फरक काही फार नव्हता, कारण एवढ्या भिंतीला टाइल लागतात तरी किती. बाकी सगळीकडे साधी लावायची आणि वेलींची फक्त सिंकमागे, मावशींच्या डोळ्यांच्या उंचीपासून खाली, असं ठरलं. सांध्यांत भरायला एपॉक्सी ग्राउट घेतलं, साध्यापेक्षा महाग पडतं पण तेल शोषत नाही. रंग मी पांढरा लिहिला होता, मावशींनी तो खोडायला लावून करडा करून घेतला.